लाल खुणेचा पत्ता

मी एक आयपी पत्ता बोलतोय. मला दार नाही, पाटी नाही. चार आकडे आणि मध्ये तीन टिंबं, एवढाच माझा देह. घरात इंटरनेट आलं की कंपनी आमच्यापैकी एकाला तिथे पाठवते. त्या घरातून तुम्ही बाहेर काहीही मागा, तिथे माझा आकडा उमटतो आणि जिथे उमटतो तिथलं मला दिसतं. पुढे कंपनी मला दुसऱ्या घरी धाडते. भाडेकरूच म्हणा ना, फक्त भाडं दुसरेच भरतात.

मागचं माझं बिऱ्हाड दोन मेहुण्यांचं होतं. दिवसभर पलंगावर लोळत ते ऑनलाइन दुकानातून वस्तू मागवायचे आणि ‘खोकं रिकामं निघालं’ म्हणून पैसे परत घ्यायचे. दर वेळी नवं नाव, नवं खातं. खोकी कधी मित्राच्या खोलीवर उतरवायची, तर कधी वाण्याच्या दुकानात.

“आपल्याला ओळखणार कोण?” धाकटा म्हणायचा. मी ओळखत होतो, पण मला विचारणार कोण?

विचारलं ते दुकानाच्या तक्रार विभागातल्या ताईंनी. साहेबसुद्धा त्यांना ताईच म्हणत. त्यांनी त्या साऱ्या तक्रारी शेजारी शेजारी मांडल्या, तर प्रत्येकीखाली मीच. तरी घाई केली नाही. सामान पोचवणाऱ्यांना विचारलं. खोकी घ्यायला येणारे दोघं सगळीकडे तेच होते. मग मेहुण्यांची खाती बंद झाली आणि माझ्यावर लाल खूण पडली. खरं सांगतो, मला फार अभिमान वाटला. मी कुणाच्या तरी उपयोगी पडलो होतो.

मेहुण्यांनी गाशा गुंडाळला. दुसऱ्या एका घरात वायफायचं यंत्र बदललं आणि मी तिथे गेलो. घरात एक सून आणि तिचे सासरे. सासऱ्यांचा जन्म स्वतःच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेला. आता त्यांना ऐकू येईना. त्यांची थोरली बहीण, आक्का, लांब मुलाकडे अंथरुणाला खिळलेली. रविवारी इंटरनेटवरून तिचा फोन यायचा आणि हे नुसतं ‘हं, हं’ म्हणायचे. आक्कांचे फार दिवस उरले नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून सुनेने साठवलेले पैसे मोडून कानाचं मशीन मागवलं, आणि ते बिघडलेलं निघालं. पैसे परत मिळाल्याशिवाय दुसरं घेता येत नव्हतं.

तिने तक्रार केली. माझा लाल आकडा दिसताच संगणकाने ती न वाचताच फेटाळली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. मला बोलता येत असतं तर ओरडलो असतो.

तिने पुन्हा लिहिलं. या वेळी तक्रार ताईंच्या टेबलावर आली.

“लाल पत्ता आहे, ताई,” शेजारचा सहकारी म्हणाला. “खूण तुम्हीच केलीत. टाका बंद करून.”

“केली मीच. पण ही बाई या पत्त्यावर कधीपासून आहे?”

“त्याने काय होतंय?”

“आधीचा भाडेकरू चोर होता म्हणून नव्याला धरायचं का?”

त्यांनी पाहिलं. सुनेचं खातं जुनं, आजवर एकही तक्रार नाही, आणि गेल्या आठवड्यापर्यंत ती दुसऱ्याच आकड्यावरून यायची. ताईंनी सरळ फोन लावला.

“मशीन सुरूच होत नाही का?”

“दिवा लागतो हो. पण बाबांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही.”

मागून सासऱ्यांचा आवाज आला, “कोण गं? आक्का का?”

“आक्का नाहीत, बाबा! दुकानातून आहे!”

“दुकान केव्हाच बंद केलं म्हणावं!”

ताई हसल्या, मग आक्का कोण ते त्यांनी सुनेकडून विचारून घेतलं. त्याच दिवशी त्यांनी पैसे परत पाठवले आणि माझ्यावरची खूण पुसली. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “आकडा संशय घ्यायला पुरतो, शिक्षा द्यायला नाही.” इतकं शहाणं बोलणं माझ्याबद्दल कुणी केलं नव्हतं.

नवं मशीन आलं. रविवारी फोन वाजला आणि आक्कांचा थकलेला आवाज माझ्याच वाटेने घरात आला. “जेवलास का रे?”

म्हातारबाबा रडायलाच लागले. “जेवलो. तू बोल, आक्का. तू बोलत राहा.”

उद्या मी कुणाच्या घरी असेन, मला ठाऊक नाही. माझा संशय जरूर घ्या. त्यासाठीच तर मी उपयोगाचा. पण निकाल देण्याआधी आत कोण राहतं ते एकदा विचारा, आणि वेळेवर विचारा. ताईंनी आठवडाभर जरी उशीर केला असता, तरी उपयोग नव्हता. त्यापुढच्या रविवारी आक्कांचा फोन आलाच नाही.