सावळाच्या गोठ्यामागचा खड्डा

मी खताचा खड्डा बोलतोय. जव्हारकडच्या साखरशेत गावात, सावळाच्या गोठ्यामागे माझं ठिकाण. खड्ड्यानं काय बोलावं, म्हणाल. खरं आहे. माझ्यात माझं असं काहीच नाही.

मला खणलं सावळाच्या सुनेनं, रंजनानं. शेण, नाचणीचं काड, ऐनाचा पाला, घरात नको झालेलं सगळं तिनं थरावर थर घातलं आणि वर शेणमातीनं लिंपलं. मग माझ्या पोटात ऊब धरली. ती वाढतच गेली. मी भ्यालो. काडी कुणीच ओढली नव्हती.

सावळाला मी पसंत नव्हतो. भाताचं रोप करायच्या जागेवर आधी पालापाचोळा पसरून जाळायचा, याला आमच्याकडे राब भाजणं म्हणतात. त्याच्या वाडवडिलांनी राबाशिवाय रोप केलं नव्हतं.

"विस्तवाशिवाय रोप?" तो म्हणाला. "चूल न पेटवता भाकर खायला बसलीस होय?"

"पेटलीय चूल, बाबा. हात घालून बघा."

त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि ओढून घेतला. हातावरून वाफ निघत होती.

"कुणी पेटवलं हे?"

"कुणीच नाही."

त्यानं हात पुसला आणि पुन्हा आत घालून पाहिला. त्या वर्षी राब भाजलाच नाही.

त्याची बायको गंगी हिच्याकडे घरच्या लाल भाताचं बी एका वाळक्या भोपळ्यात होतं तेवढंच उरलं होतं. मागच्या सालचं पीक रानडुकरांनी खाल्लं होतं. गावात ते बी आणखी कुणाकडे नव्हतं. हे गेलं की वाणच गेला.

रंजना माहेरी वांगणीला गेली असताना सावळानं माझं वरचं ऊन खत वाफ्यावर जाड पसरलं. रात्रभर निवू दिलं, राब निवू देतात तसं. सकाळी ते थंड लागलं, म्हणून गंगीनं अर्धं बी पेरलं. पण राख एकदा निवली की निवली. मी तसा नाही. पाणी पडलं आणि कच्चं खत पुन्हा तापलं. कोंब पिवळे पडून आडवे झाले.

रंजना आली, तिनं माती उकरून पाहिली. "बाबा, हे अजून शिजत होतं."

"थंड लागलं गं हाताला."

"बी पेरायचं होतं, रांधायचं नव्हतं," गंगी म्हणाली.

"उरलेल्याला राबच भाजू," सावळा हळूच म्हणाला.

"ओल्या पाल्याला विस्तव धरतो होय?" गंगीनं भोपळा सुनेच्या हातात दिला. "तू पेर."

रंजना माझ्या तळाशी उतरली. तिथलं खत काळं, भुसभुशीत होतं. शेणाचा वास नाही, काडाची काडी नाही. रानातल्या मातीसारखा वास येत होता. सावळानं मूठभर नाकाशी धरलं आणि भरायला पाटी पुढे केली.

दुसऱ्या वाफ्यात बी पडलं. गंगी दोन घास जेवून उठायची आणि वाफ्यापाशी जाऊन बसायची. एका सकाळी तिनं सावळाला हाक मारली. माती सुईसारख्या हिरव्या टोकांनी भरली होती. सावळानं डोक्यावरची टोपी काढली.

आता भात कापून झालाय. मी रिकामा आहे, तळाला थोडं शेण पडलंय. मला भरा, पण घाई करू नका. तुमच्या घरामागे जागा असेल तर असा एक खणा. घालाल ते तुमचं. पुढचं कोण करतं, ते माझ्याच पोटात होऊनही मला कळलेलं नाही.