न नोंदलेली उड्डाणं

तिनं झाकण उघडून इंजिनात उजेड टाकला आणि पहिल्याच पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कड वाळूनं खाल्ली होती.

"काय म्हणतंय?" दिरानं विचारलं. लष्करानं मोडीत काढलेलं दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर घेऊन डोंगरातल्या आजाऱ्यांना शहरात आणायची सेवा काढायचं त्याच्या डोक्यात होतं. वैमानिकही ठरला होता. अडलं होतं ते एका इंजिनाच्या प्रमाणपत्रापाशी, आणि कार्यशाळेतली तपासनीस होती त्याची वहिनीच.

"युद्धाच्या काळातली नोंद नाही, भाऊजी. किती तास चाललं ते कळत नसेल, तर पाती धरणाऱ्या चकतीचं आयुष्य संपलं असं धरायचं. नागरी नियम आहे. ती हवेत फुटली तर आतलं कुणी वाचत नाही."

"चाललंच नाही ते. दादाच्या तुकडीतलंच आहे. तिथं नुसते पत्ते कुटत बसायचो, असं दादाच सांगायचा ना तुम्हाला फोनवर?"

सांगायचा. परत आल्यावरही तेवढंच सांगितलं, आणि मग बोलणंच सोडलं. ताट वाढलं की जेवायचा. हळूहळू तिनंही विचारायचं सोडलं. घरात दोघं भाडेकरूंसारखे वावरत.

तिनं झोत आत धरला. "बघा. नुसत्या उभ्या इंजिनाची पाती अशी झिजत नाहीत."

दीर वाकून बघत राहिला. "म्हणजे दादा..."

"चकती कापायला लावते. अख्खी राहिली तर कुणीतरी पुसूनबिसून विकेल."

"घरचंच माणूस आडवं आलं म्हणायचं, वहिनी."

"म्हणा."

चकतीचे दोन तुकडे होईपर्यंत ती तिथंच उभी होती. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. तेही वाटलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा दिवा न लावता खिडकीपाशी बसला होता.

"भाऊजींचं इंजिन नापास केलं," ती म्हणाली. "तुझ्या तुकडीतलं होतं. नंबराचे शेवटचे आकडे चार-एक-सात."

त्यानं मान वळवली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायला बघत होतं. ती सुरू होऊन निघून गेली.

"डावीकडचं," तो म्हणाला. "भरून निघालो की चढाला धाप लागायची त्याला."

ती चप्पलही न काढता खुर्ची ओढून समोर बसली.

"कशानं भरून?"

"जखमी माणसांनी. उतरवताना जिवंत किती ते मोजायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं."