अकरा मिनिटांची मर्दुमकी

मालाच्या गाड्यांना कुठल्या गल्लीत राखीव जागा द्यायची, हे ठरवायला महापालिकेने एक तज्ज्ञ नेमला होता. हे महाशय गल्लोगल्ली फिरून मार्क देणार. स्वतः जन्मात कधी भाजीची पिशवी दुसऱ्या मजल्यावर नेली नसेल, पण गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि तोरा असा, की शहरातले रस्ते ह्यांनीच अंथरलेत.

टेम्पोवाल्याला त्याला बघूनच तिडीक आली. पण गरज याचीच होती. बावीस वर्षं तो या गल्लीतल्या दुकानांना फरशीची खोकी पोचवत होता. गल्लीत थांबलं की दंड, म्हणून गाडी नाक्यावर लावायची आणि तिथून त्याचा थोरला भाऊ एकेक खोकं खांद्यावर घेऊन दीडशे पावलं चालायचा. रस्ता इतका उखणलेला, की ढकलगाडीचं चाक रुतायचं. दादाच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, ओझं बंद करा, नाहीतर काठी घ्या. दुकानाच्या दाराशी जागा मिळाली, तर दादाची दीडशे पावलं चारवर येणार होती.

तज्ज्ञाने टॅबवर घड्याळ लावलं. सोबत आलेल्या महापालिकेच्या बाईंना तो म्हणाला, की ही माणसं कामापेक्षा गप्पाच जास्त हाणतात, म्हणून गाड्या तासन्‌तास अडून राहतात. हे त्याने हळू म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत.

टेम्पोवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी नाक्यावरही तो दंडाच्या धास्तीने गाडी सोडत नसे. आज तो खाली उतरला.

"दादा, ह्याला दाखवूच," तो म्हणाला.

एरवी दादा वाटेत तीनदा टेकायचा आणि आठ खोक्यांना पाऊण तास लागायचा. पण धाकट्याने चारचौघांत शब्द टाकला, तो खाली कसा पडू द्यायचा? दोघे अक्षरशः धावले. अकरा मिनिटांत गाडी रिकामी. तज्ज्ञाने बोटाने काहीतरी टिपलं आणि तो पुढच्या गल्लीत गेला. त्या शहाण्याची कशी जिरवली, हे टेम्पोवाला घरी पोचेपर्यंत रंगवून सांगत होता. शेजारच्या सीटवर दादा पाय लांब करून गुडघा चोळत होता.

तीन आठवड्यांनी यादी लागली. गल्ली शेवटच्या क्रमांकावर. शेरा होता, माल अकरा मिनिटांत उतरतो, राखीव जागेची गरज नाही.

टेम्पोवाला तणतणत कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनाने कागदावरून नजरही न उचलता विचारलं, की एरवी किती वेळ लागतो? पाऊण तास, हा म्हणाला. मग त्या दिवशी कुणी धावायला सांगितलं होतं, असं विचारून कारकुनाने फाईल मिटली. पुढची पाहणी तीन वर्षांनी होती.

घरी दादा सुजलेल्या गुडघ्याला पट्टी बांधत होता. टेम्पोवाल्याने उभ्या उभ्याच तज्ज्ञाची सात पिढ्यांसकट पूजा बांधली. दीडशहाणा, दगड, कागदी घोडा. दादाने सगळं ऐकून घेतलं.

"त्याला शिव्या देऊन झाल्या असतील, तर उद्याची खोकी कोण उचलणार ते सांग," दादा म्हणाला.

टेम्पोवाला खाली बसला.

"दादा, मीच माती खाल्ली."

दादाने पट्टीची गाठ मारली. 'नाही' काही म्हणाला नाही.