वन्संनी दिलेली सुट्टी

नणंदबाई बसमध्ये कंडक्टर. घरातही आवाज तोच. स्टॉप आलेल्या प्रवाशाला उतरवावं तसं त्यांनी वहिनीला दाराबाहेर काढलं. "जा, केस कापून ये. संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नकोस. पोरीचं मी बघते."

पोरगी नऊ वर्षांची. पाय साथ देत नाहीत, मान डळमळते, पण मिजास मात्र राणीसरकारची! आईच्या हाताशिवाय घास घ्यायचा नाही, हा तिचा कायदा. त्यापायी आईची पाठ गेली, झोप उडाली आणि हल्ली तर भाजी करपली तरी तिला रडू फुटायचं. आज पोरगी आत्याच्या हातून जेवली तर ठीक, नाहीतर पुन्हा बाहेर पडायचं नाव काढायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

ती आपली निघाली. भाजीवाल्यापाशी वळली, खड्डा चुकवला, चढावर जोर लावला. लोक टकामका बघत होते. बघेनात का! लोकांना काय, बघायची सवयच असते.

पार्लरच्या पायरीशी फोन वाजला.

"अगं बये, पोरीची खुर्ची कुठं ठेवलीस? अख्खं घर पालथं घातलं!"

तिनं खाली पाहिलं. समोर चाकांची खुर्ची. रिकामी! दाराबाहेर ठेवलेली ती सवयीनं हाती धरली गेली आणि सगळा बाजार तिनं ढकलत पार केला होता.

"वन्सं... ती माझ्याकडंच आहे."

पलीकडे नणंदबाई खो खो हसत सुटल्या.

"आलेच मी!" ती वळलीसुद्धा. "खुर्चीशिवाय ती जेवणार कशी? ठसका लागेल."

"उशा लावून ताठ बसवलंय, तू दाखवलंस तसंच. एक वाटी संपली, दुसरी चालू आहे."

तिला हायसं वाटलं आणि रागही आला. इतकी वर्षं आपण हाडाची काडं केली आणि ही भवानी आत्याच्या हातून खुशाल गिळतेय! "द्या तिच्याकडं फोन."

आधी घास गिळल्याचा आवाज आला. मग एकेक शब्द जुळवत राणीसरकार म्हणाल्या, "आई... तू... नको... येऊ."

आई मटकन त्या खुर्चीतच बसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. पार्लरवाली घाबरून बाहेर धावली. "काय झालं हो ताई? घरी कुणाला बोलावू का?"

"छे हो," ती म्हणाली. "माझ्यावाचून तिथं कुणाचं काही अडलेलं नाही!"