बापूंच्या शेवटच्या मौनाची टेप

असंगबापूंना अर्ध्या गुजरातने शिव्या घातल्या आणि उरलेला अर्धा पाया पडला. काहींनी दोन्ही केलं. बापू देव नाही म्हणायचे, शिष्यांची लग्नं मोडायचे आणि काळा चष्मा लावून फटफटीवरून नर्मदेकाठी हिंडायचे. पंचवीस वर्षं त्यांची प्रवचनं मीच टेप केली. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

आश्रमात नियम एकच. बापू मौनात गेले की जागचं हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी बसू द्यायची.

ऐन जानेवारीत, शेवटच्या प्रवचनात, बापू वीस मिनिटं गप्प राहिले आणि आठवड्यात न्यूमोनियाने गेले. सेक्रेटरी कोकिलाबेन म्हणू लागल्या, त्या मौनात बापूंनी माझ्याकडे पाहून गादी मला दिली. पुतण्या दुष्यंतभाई म्हणाला, मला दिली. काळ्या चष्म्यातून कुणाकडे पाहिलं हे कोण सांगणार? शेवटी टेप ऐकायची ठरली. महिनाभर टाळून मी ती लावली.

बाराव्या मिनिटाला बापूंचा बारीक आवाज आला, "अरे, पंखा बंद करा कुणीतरी. थंडी वाजतेय."

सभा गहिवरली.

"पंखा म्हणजे मन," कोकिलाबेन डोळे पुसत म्हणाल्या. "त्याची गरगर थांबवा म्हणतायत."

"बेन, पंखा म्हणजे तुमचा कारभार," दुष्यंतभाई म्हणाला. "नुसती हवा."

"तुझ्या डोक्यातली हवा आधी काढ."

तासभर हेच. मला राहवेना. "पंखा म्हणजे पंखा," मी म्हणालो. "हेडफोन माझ्या कानावर होता. मी तेव्हाच ऐकलं. बटण हातभर लांब होतं. तरी मी उठलो नाही."

आता कुणीतरी थोबाडीत देईल असं वाटलं. द्यायलाच हवी होती.

कोकिलाबेन उठल्या आणि माझ्या पाया पडल्या. "जीतुभाई, बापूंनी एवढी परीक्षा घेतली, तरी तुम्ही नियम मोडला नाहीत."

दुष्यंतभाईही वाकला. दोघांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं, आणि मला बापूंच्या खुर्चीत बसवलं.

आता मे महिना आहे. बटण उपटून काचेच्या पेटीत ठेवलंय, त्याला रोज हार असतो. मी रोज सांगतो की बापू माझ्यामुळे गेले. लोक त्याला प्रवचन म्हणतात.

काल उकाड्याने बोलता बोलता माझा आवाजच बसला. थोडा वेळ गप्प राहिलो, मग कसंबसं पुटपुटलो, "दारं तरी उघडा रे कुणी."

माझ्या जागी आता रमणीकभाई टेप करतात. हेडफोन त्यांच्या कानावर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि डोळे मिटून घेतले.