पाटी टांगली, जागा भरली

मी तोक्योतल्या एका सरकारी खात्याचा जुना फळा आहे, हिनोकीच्या लाकडाचा. मित्रांनो, माझ्यावर कुणी खडूनं लिहीत नाही. माझ्या अंगावर खुंट्या आहेत. एकेक ओळ म्हणजे परदेशातली एकेक वकिलात, एकेक खुंटी म्हणजे तिथली एक जागा. जो जातो तो आपल्या नावाची लाकडी पाटी स्वतःच्या हातानं टांगतो, आणि परतल्यावर स्वतःच काढतो. दुसऱ्यानं हात लावणं अशुभ. नववर्षाला मला मऊ फडक्यानं पुसत. फार मान होता माझा.

पॅरिसच्या खुंटीसाठी लोक माझ्यापुढं ताटकळत. शेवटच्या ओळीकडे मात्र कुणी बघत नसे. ते गाव वाळवंटातलं. पाणी टँकरचं, ताप बारमाही, रस्त्यावर कधीही गोळीबार. तिथं दोनच खुंट्या.

"त्या गावाचं नाव काढलं की अख्ख्या मजल्याला दमा होतो," असं नेमणुका करणारे हातानाकासाहेब म्हणत आणि हसत. स्वतः ते कधीच कुठं गेले नव्हते. सगळ्यात वरची ओळ तेवढी इथल्याच, तोक्योतल्या कचेरीची, आणि त्यांची पाटी तिथल्या खुंटीवर गुळगुळीत झालेली.

एका वसंतात तारा पाठवणाऱ्या कुरामोचीबाईंनी शेवटच्या ओळीत पाटी टांगली. शेजारी तरुण निशिवाकीची. आठ महिन्यांत बाईंना कावीळ झाली. विमानानं आणून त्यांना थेट इस्पितळात टाकलं. पाटी तशीच राहिली.

हातानाकासाहेब दर सोमवारी रिकाम्या खुंट्या मोजत. शेवटच्या ओळीत दोन पाट्या, म्हणजे तिथं सगळं ठीक! निशिवाकीच्या तारा येत होत्या, 'एकटा आहे, माणूस पाठवा.' साहेब माझ्याकडे बोट दाखवत, "एकटा कसा? बाई आहेत की!"

असे सहा महिने गेले. मी लाकूड, मला बोलता येत नाही. बाकीच्यांना तोंडं होती. तीही लाकडाचीच निघाली.

मग एके दिवशी कुरामोचीबाई काठी टेकत आल्या.

"या, बाई, या! तुमच्या पाटीला कुणाला हात लावू दिला नाही हो!"

"माझ्या जागी कोण गेलंय, साहेब?"

"कोण म्हणजे? तुम्हीच आहात ना तिथं."

"मी तुमच्या नाकासमोर उभी आहे!"

"ते झालंच. पण खुंटी कुठं रिकामी होती?"

"निशिवाकीचं पत्र आलंय मला. आठ दिवस तापानं फणफणलाय. भाताची पेज करून द्यायला माणूस नाही."

"तरुण आहे, निभावेल."

बाईंनी आपली पाटी काढली, वरच्या ओळीतली साहेबांची पाटी उचलली आणि शेवटच्या ओळीत टांगली.

"बाई! हे अशुभ आहे!"

"असू दे. जागा भरली ना, साहेब? आता ही पाटी काढायची तर आधी तिकडं जाऊन परत या. रीत तुमचीच."

साहेबांचा हात माझ्यापर्यंत आला आणि तसाच मागे गेला.

तिसऱ्या दिवशी एक डॉक्टर आणि एक बदलीचा माणूस विमानात बसले. सहा महिने न मिळालेला माणूस तीन दिवसांत मिळाला! निशिवाकी वाचला. एका कानानं मात्र कायमचा बहिरा झाला.

आता माझ्या जागी संगणक आलाय आणि मी तळघरात धूळ खातोय. मला पॉलिश नको, मित्रांनो. कुणाला लांब, अवघड जागी धाडलंत, तर त्याचं नाव यादीत आहे म्हणून गप्प बसू नका. त्याला विचारा, जेवलास का?