राजेश्रीचं बाळ

"राजेश्रीचं बाळ! दूध पाजायला या!"

पहिल्या दिवशी सिस्टरने तिसऱ्यांदा हाक मारली तरी वैष्णवी बाकावर बसूनच. सासूने, चांगुणाबाईंनी, तिला कोपराने ढोसलं. "ऊठ की! तुलाच बोलवायल्यात."

वैष्णवीला सोळा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. राजेश्री म्हणजे तिची मोठी जाऊ, वय चोवीस. बाळंतपणाच्या दिवशी घरच्यांनी दवाखान्यात जावेचं आधार कार्ड दाखवलं आणि वैष्णवीला राजेश्री करून टाकलं. लग्नात कुणी वय विचारलं नव्हतं. सरपंचासकट साऱ्या गावाने अक्षता टाकल्या, जेवून हात धुतले. पुढे वर्षभर दहा माणसांच्या भाकरी थापायला ती चांगली मोठी होती. कळा सुरू झाल्या तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम कायदा आठवला. लाज नाही आठवली.

मुलगी झाली. तिला कावीळ झाली म्हणून पाच दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दर दोन तासांनी वैष्णवी दुसरीच्या नावाने आत जायची. टाके ओढायचे, छाती दगड व्हायची. चौथ्या दिवशी पोरीने पहिल्यांदा नीट तोंडात धरलं, तेव्हा ती एकटीच हसली होती.

आज घरी सोडणार होते. गावाकडून, चुडाव्याहून, राजेश्री आली, नवी झबली घेऊन. लग्नाला सहा वर्षं झाली, तिला मूल नव्हतं.

"जन्माच्या कागदावर सही तीच करील," चांगुणाबाई म्हणाल्या. "लेकरूबी तिच्यापाशीच ऱ्हाईल. तू अजून पोरगी हायस, तुला काय समजायलंय? तुला व्हतील की आणखी."

म्हणजे भाकरीला बाई आणि लेकराला पोरगी! हा कुठला न्याय?

खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. राजेश्रीने पेन घेतलं, तोच वैष्णवीने तिच्या हाताखालून कागद ओढला.

"हिची सही नका घेऊ, साहेब. लेकरू मपलं हाय. मी वैष्णवी. सोळाची हाय."

"गप ऱ्हा! नवरा जेलात जाईल तुजा," चांगुणाबाईंनी तिचा दंड आवळला.

"मपलं लगीन लावलं तवा न्हाई का ह्यो इचार केला तुमी?"

बाळ घेऊन आलेली सिस्टर दारातच थबकली. "खरं बोलतेस? मला पोलिसांना कळवावं लागेल, बाई."

"कळवा."

चांगुणाबाई शिव्या देत बाहेर पडल्या. राजेश्रीने झबली बाकावर ठेवली, वरून एकदा हात फिरवला आणि सासूच्या मागे गेली.

सिस्टरने बाळ वैष्णवीच्या मांडीवर दिलं. "सकाळपासून काही खाल्लंस का गं?"

पाच दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मघाशी पोलिसांचं नाव ऐकूनही न डगमगलेल्या वैष्णवीला आता हमसून रडू आलं. रडता रडताच तिने पोरीला पदराखाली घेतलं.